एक्केचाळीस आठवणी

मिरज स्टेशनच्या फलाटावर, पाण्याच्या टाकीजवळ, ती एकटी बसलेली सापडली तेव्हा चारेक वर्षांची असावी. रडत नव्हती. पोलिसांनी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, एका हमालानं कानडीत विचारून पाहिलं. तिनं नुसतं बघितलं. सांगलीच्या बालगृहात आल्यावरही ती चौदा महिने एक शब्द बोलली नाही. म्हणून तिथल्या अधीक्षिका जयश्री कांबळे, म्हणजे सगळ्या मुलींच्या जयूमावशी, तिला अबोली म्हणायला लागल्या. पुढे कागदोपत्रीही तेच नाव लागलं.

चौदा महिन्यांनी एका दुपारी जयूमावशी तिच्या केसांना तेल लावत होत्या. ती एकदम म्हणाली, "घंटा पाण्यात गेली."

जयूमावशींच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. ती तशीच ठेवून त्या धावत ऑफिसात गेल्या आणि कोरी वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर त्यांनी तारीख घातली आणि ते वाक्य लिहिलं. त्यानंतर अबोली जेव्हा जेव्हा आपण होऊन काही बोलली, तेव्हा तेव्हा त्यांनी ते त्या वहीत टिपलं. पायऱ्या नदीत उतरतात. हत्तीची सोंड तुटली. डोंगराला भोक आहे, त्यातून ऊन येतं. नदी दगडाखाली जाते आणि पलीकडून निघते. दोन वर्षांत अशी एक्केचाळीस टिपणं जमली. मग अबोली शाळेत जायला लागली, इतर मुलींसारखी बोलायला लागली, आणि वही कपाटात गेली.

त्या टिपणांवरून पोलिसांना काही सापडलं नाही. पायऱ्या, डोंगर आणि नदी असलेली गावं सह्याद्रीत शेकड्यांनी आहेत. डीएनएची नोंद झाली, पण मूल हरवल्याची तक्रार देऊन स्वतःची नोंद करणाऱ्या आयांमध्ये तिची आई नव्हती. वर्षं गेली. अबोलीनं आयटीआयला प्रवेश घेतला, वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम निवडला. येत्या ऑगस्टमध्ये तिला अठरा पूर्ण होणार होती आणि बालगृह सोडावं लागणार होतं. जायचं कुठे, हे ठरलेलं नव्हतं.

'माग' सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत डॉ. मुग्धा तेंडोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रणाली तयार केली होती. तिच्यामागचा विचार साधा होता. हरवलेल्या लहान मुलाला गावाचं नाव सांगता येत नाही, पण गाव कसं दिसतं ते त्याच्या डोक्यात असतं. सूर्य कुठल्या डोंगराआडून यायचा, पाण्याकडे जाताना उतार कुठल्या हाताला होता, कुठून वळलं की देऊळ दिसायचं. नावं बदलतात, घरं पडतात, डोंगर जागचे हलत नाहीत. उपग्रहांनी देशाच्या जमिनीची उंचसखल मापं मीटरामीटरानं घेऊन ठेवली होती. 'माग' त्या नकाशावर जागोजाग उभं राहून आजूबाजूची क्षितिजरेषा काढत असे, आणि ती काढताना आपला डोळा जमिनीपासून फक्त तीन फुटांवर ठेवत असे. चार वर्षांच्या मुलाचा डोळा तेवढ्याच उंचीवर असतो. मुग्धाची ती कल्पना होती, आणि ती सुचली त्या आठवड्यात पहिलं मूल सापडलं होतं.

दुसरा भाग टोपीचा होता. मुलाच्या डोक्यावर पातळ तारांची टोपी चढवायची आणि पडद्यावर भराभर दृश्यं दाखवायची. ओळखीचं काही दिसलं की पाऊण सेकंदाच्या आत मेंदूत एक ठरावीक लहर उठते. ती दाबता येत नाही, आणि मुद्दाम आणताही येत नाही. त्या लहरींवरून 'माग' नको ती ठिकाणं गाळत जाई. तीन वर्षांत दोनशे अकरा मुलं घरी पोचली होती.

मार्चमध्ये मुग्धा सांगलीला आली. जयूमावशींनी कपाटातली वही काढून दिली. मुग्धानं एक्केचाळीस टिपणं एकामागून एक मोठ्यानं वाचून यंत्रात भरली. अबोलीनं टोपी घातली. पडद्यावर डोंगर सरकायला लागले आणि पाचव्या मिनिटालाच ती हसली. इतक्या वर्षांत अबोलीला असं दात दाखवून हसताना जयूमावशींनी पाहिलं नव्हतं. त्या काहीतरी बोलायला पुढे झाल्या, मग पदर सावरून पुन्हा खुर्चीत बसल्या.

तीन आठवड्यांनी मुग्धाचा फोन आला.

"गाव सापडलं. देवतळी. साताऱ्याच्या पश्चिमेला, कांदवी नदीच्या काठी. सत्त्याण्णव टक्के जुळतंय, अबोली. एवढी जुळणी मी आजवर एकदाही पाहिली नाही."

जयूमावशींनी विचारलं, "मग अडचण काय आहे? तुमच्या आवाजात अडचण आहे."

"ते गाव एकोणीसशे ब्याऐंशी साली धरणात गेलं," मुग्धा म्हणाली. "आम्ही धरणाआधीचे जुने मोजणीचे नकाशेही यंत्रात घातलेत, म्हणून ते सापडलं. पण अबोलीच्या जन्माआधी चाळीसएक वर्षं ते पाण्याखाली गेलं. तिनं ते पाहिलं कसं, ते मला सांगता येत नाही."

"उन्हाळ्यात पाणी उतरत असेल," अबोली घाईघाईनं म्हणाली. "गावातली माणसं वर येऊन राहिली असतील. मी तिथलीच असेन. मे महिन्यात जाऊ या."

मे महिन्यात तिघी गेल्या. गाडी शेवटच्या वळणावर आली आणि अबोलीनं मुग्धाला थांबायला सांगितलं. समोर उंटाच्या पाठीसारखा, तीन मदारींचा डोंगर होता. मधल्या मदारीच्या खाली कड्याला आरपार भोक पडलेलं होतं, सह्याद्रीत त्याला नेढं म्हणतात तसलं. खाली जलाशय आटून लांब सरकला होता. भेगाळलेल्या गाळातून काळ्या दगडी पायऱ्या वर आल्या होत्या, आणि त्यांच्या कडेला सोंड तुटलेला दगडी हत्ती होता.

अबोली गाडीतून उतरली आणि पळत सुटली. हत्तीपाशी जाऊन तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. वर रस्त्यावर उभ्या असलेल्या दोघींना तिचा आवाज ऐकू आला. ती आईला हाक मारत होती. मोठ्यानं नाही, सहज, आई आतल्या खोलीत असावी तशी.

वरच्या पठारावर नवी देवतळी होती. चाळीसेक घरं, एक शाळा, पाण्याची टाकी. मूल हरवल्याचं तिथं कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यांनी एकच सांगितलं, शेलार आप्पांना विचारा. जुन्या गावातला दगड न् दगड त्यांना पाठ आहे.

हणमंत शेलार पंचाऐंशी वर्षांचे होते. आयुष्यभर मोजणी खात्यात काम केलेलं, अजून ताठ. ओटीवर बसून त्यांनी अबोलीचं सगळं ऐकून घेतलं. ती सांगत होती आणि ते मान हलवत होते. हत्ती, हो. नेढं, हो. विजेनं उभं चिरलेलं आणि तरी दोन्हीकडून फुटलेलं जांभळीचं झाड, हो, होतं. दगडाखाली शिरणारी नदी, तिला ते चोरधार म्हणत.

"आणि पाण्यातली घंटा," अबोली म्हणाली. "ती देवळातून निसटली आणि पायऱ्यांवरून गडगडत पाण्यात गेली. अजून आतून वाजते."

आप्पांची मान थांबली.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मला आठवतं."

"पोरी, बाकीचं सगळं खरं आहे. पण देवतळीच्या देवळाला घंटाच नव्हती. कधीच नव्हती. शेजारच्या गावची पोरं त्यावरून आम्हाला चिडवायची. म्हणून मी एक टांगली." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "पुस्तकात."

"कुठल्या पुस्तकात?" मुग्धानं विचारलं.

आप्पा आत गेले आणि सुनेच्या मदतीनं सहा जाडजूड खंड घेऊन आले. 'बारा खिंडींचा देश'. गाव बुडालं त्या वर्षी ते चोवीस वर्षांचे होते. बदलीच्या गावी एकटे असताना डोळे मिटून ते देवतळी मोजत बसायचे. देवळापासून नदी किती पावलं, नदीपासून नेढं किती अंशांवर. ते कुठंतरी राहावं म्हणून त्यांनी एक देश रचला आणि त्यात तारू नावाचा एक पंधरा वर्षांचा अनाथ मुलगा सोडला. तारूला झोपेत एक घंटा ऐकू येते. ती कुठे वाजते ते शोधायला तो निघतो आणि बारा खिंडी ओलांडतो. सहा खंड, तीन हजार चारशे पानं. राक्षस होते, उडणारी होडी होती, बोलणारे गिधाड राजे होते. पण जमीन देवतळीची होती, मापासकट. मोजणी खात्यातल्या माणसाला जमिनीचं माप खोटं लिहिता येईना.

सत्त्याण्णव टक्के का जुळलं ते मुग्धाला तिथंच कळलं. जे तीन टक्के जुळले नाहीत, ती घंटा होती.

जयूमावशी ओटीच्या कडेला बसल्या होत्या. पहिल्या खंडाचं मुखपृष्ठ त्यांनी बराच वेळ हातात धरलं.

"हे मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "मोठ्या मुलींना. दुपारी दिवाणखान्यात वाचून दाखवायचे, पहिले दोन खंड. अबोली नुकतीच आली होती. ती कोपऱ्यात चटईवर पडलेली असायची. मला वाटायचं झोपलीय."

अबोलीनं वळून पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा नाही गं. वाचताना माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं, मी ते विसरूनही गेले होते. पण मार्चमध्ये मुग्धाताई टिपणं ओळीनं वाचायला लागल्या आणि मला शंका आली."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"तू हसत होतीस."

"दोन महिने झाले, मावशी! दोन महिने मी रोज..." अबोलीनं मान फिरवली. मग ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी ज्याला माझं घर म्हणत होते ते यांचं आहे."

जयूमावशी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या तेव्हा ती उठून उभी राहिली.

मुग्धानं तिला सगळं समजावून सांगितलं. पाहताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच भाग एखादी गोष्ट मन लावून ऐकतानाही जागा होतो. मोठ्या माणसाला पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवता येतं, कारण ऐकलेल्याच्या भोवती शब्दांचं कुंपण असतं. अबोलीजवळ तेव्हा शब्दच नव्हते. चौदा महिने ती नुसती ऐकत होती. जे ऐकलं ते चित्र होऊन आत उतरलं आणि पाहिलेल्यात जाऊन बसलं. टोपी खोटं बोलली नव्हती. अबोलीही नव्हती. 'माग'ला आठवण जुळते की नाही एवढंच कळत होतं. ती कुणाची आहे हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"मला परत यायचं नाही," अबोली म्हणाली. "मला हे पुस्तक वाचायचं आहे. सगळं. इथंच बसून."

आप्पांची सून मंगल म्हणाली, "राहू दे की तिला. आमच्याकडे जागा आहे." पण अठराच्या आतल्या मुलीला असं कुठेही ठेवता येत नव्हतं, अधीक्षिकेची लेखी परवानगी लागणार होती. जयूमावशींनी पर्समधून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून परवानगी लिहिली, सही केली आणि तो मंगलच्या हातात दिला. मग अबोलीकडे न बघता त्या गाडीत जाऊन बसल्या.

अबोली अकरा दिवस वाचत होती. सकाळी मंगलबरोबर पाणी भरायचं, भाकरी खायची, आणि ऊन चढेपर्यंत आणि ऊन उतरल्यावर ओटीवर पुस्तक घेऊन बसायचं. पहिल्या दोन खंडांत तिला प्रत्येक वळणापलीकडे काय आहे ते आधीच माहीत असायचं. तारू पायऱ्या उतरायला लागला की हत्ती कुठल्या हाताला येणार हे ती पान उलटण्याआधी सांगू शकत होती. आधी तिला संताप यायचा. आपलं सगळं बालपण आपण जन्मायच्या आधीच कुणीतरी लिहून, छापून, पुठ्ठा बांधून ठेवलं होतं. पण तिसऱ्या खंडापासून ओळखीचं काही येईना, आणि तिला तारूची काळजी वाटायला लागली. हा मुलगा किती चालणार? सहाव्या खंडाच्या शेवटी तो घंटेपर्यंत पोचतो. पाण्यात बुडी मारतो, घंटा हाताला लागते, पण पाण्याखाली ती वाजत नाही. आवाज येत होता तो त्याच्या स्वतःच्या कानातून. मग तो काठावर येऊन बसतो. पुस्तक तिथं संपतं.

"हा काय शेवट झाला?" तिनं आप्पांना विचारलं. डोळे पुसायची तिनं तसदी घेतली नव्हती.

"मला दुसरा सुचला नाही," आप्पा म्हणाले. "त्याला घर सापडतं असं लिहून पाहिलं होतं. खोटं वाटलं. माझं गाव मला रोज समोर दिसतं की, पाण्याखाली."

बाराव्या दिवशी त्यांनी मोजणीच्या कामाची लाल पेन्सिल काढली. वहीची झेरॉक्स अबोलीजवळ होती. ती एकेक टिपण वाचायची, आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, माझं, पहिला खंड, पुराचं प्रकरण. माझं, दुसरा खंड, गिधाडांचा दरबार. अबोली रेघ मारायची. मध्येच कधी आप्पा तिला एखादं टिपण पुन्हा वाचायला लावायचे. एखादं मूल आपण लिहिलेलं इतकं जपून ठेवील, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्या पुस्तकाच्या सगळ्या मिळून सहाशे प्रती खपल्या होत्या.

दुपारपर्यंत एकोणचाळीस टिपणं खोडली गेली. दोन उरली.

"सतरावं," अबोलीनं वाचलं. "लाल उजेड."

"माझं नाही."

"तिसावं. आंबट हात."

आप्पांनी डोळे उघडले. "हात आंबट कसा असेल? नाही. हे माझं नाही."

ही दोन्ही टिपणं यंत्रानं पहिल्याच फेरीत बाजूला टाकली होती. त्यात ना डोंगर होता, ना नदी. जयूमावशींनी ती चार महिन्यांच्या अंतरानं लिहिली होती, आणि ती एकत्र वाचायची वेळ कुणावर आली नव्हती. अबोलीनं ती पुन्हा वाचली, एकापाठोपाठ एक. उतरतं ऊन ओटीवर तिच्या तोंडावर येत होतं. तिनं डोळे मिटले, आणि तिला ते दिसलं.

ती कुणाच्या तरी कडेवर होती. ती बाई उन्हाच्या दिशेनं भराभर चालत होती. ऊन लागू नये म्हणून तिनं आपला तळवा अबोलीच्या डोळ्यांवर आडवा धरला होता. तळव्यातून आणि मिटलेल्या बोटांतून ऊन लाल होऊन आत येत होतं. हाताला चिंचेचा वास होता. बाईचा श्वास लागला होता. एवढंच. चेहरा नाही, गाव नाही, नाव नाही.

तिनं ते आप्पांना सांगितलं.

"बघा ना आप्पा. नीट आठवून बघा. कुठं चुकून एखाद्या ओळीत?"

"नाही, बाळ. तीन हजार चारशे पानांत असा हात कुठंच नाही. मी तारूला आई दिलीच नाही. माझी गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मला तिचा हात ठाऊक नाही, तर लिहिणार कुठून?" त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "हे तुझं आहे."

अबोली सांगलीला परतली ती बसनं. जयूमावशी गेटवर उभ्या होत्या. अबोली त्यांच्याजवळ जाऊन थांबली आणि म्हणाली, "तुम्ही लिहून ठेवलं नसतं तर ती दोन टिपणंही राहिली नसती." मग दोघी बराच वेळ रडल्या. त्यानंतर जयूमावशी तिला जेवायला घेऊन गेल्या.

मुग्धाला ते कळताच ती धावत आली. तिच्या डोळ्यांत उत्साह होता आणि थोडी भीती होती.

"टोपी घालून आपण या एका आठवणीच्या आजूबाजूला शोधू शकतो," ती म्हणाली. "दहा हजार दृश्यं दाखवावी लागतील. रस्ते, झाडं, साड्या, घरं. काहीतरी लागेल. पण एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नसतो. आठवताना दर वेळी मेंदू ती उसवतो आणि पुन्हा विणतो. विणताना हाताशी जे धागे असतील तेही आत जातात. तू ही आठवण बारा-तेरा वर्षांत जवळजवळ उसवलेलीच नाहीस, म्हणून ती इतकी स्वच्छ राहिली. दहा हजार चित्रांनंतर ती स्वच्छ राहील असं मी म्हणू शकत नाही. गाव सापडेल कदाचित. पण तो हात तुझ्या आईचा राहिला आहे की आमच्या पडद्यावरचा झाला आहे, ते पुन्हा कधीही कळणार नाही."

अबोलीनं चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी तिनं मुग्धाला फोन लावला.

"मी टोपी घालणार नाही. पण ताई, तो हात ज्या बाईचा आहे, तिलाही आठवत असेल ना? ती मला शोधत असली तर तिच्या डोक्यातही हीच आठवण असणार. तिला विचारा."

तीन वर्षांत 'माग'मध्ये कुणी आयांना विचारलं नव्हतं. यंत्र मुलांसाठी बनवलेलं होतं.

आवाहन गेलं. रेडिओवरून अबोलीच्या स्वतःच्या आवाजात, गावोगावच्या अंगणवाड्यांतून, फोनवरून. मूल हरवलेली कुणी बाई आहे का, जिनं कडेवरच्या लेकीच्या डोळ्यांवर उन्हासाठी हात धरला होता? वासाचं मुद्दाम सांगितलं नव्हतं. तो ओळख पटवण्यासाठी राखून ठेवला होता. मुग्धाला वाटलं होतं पाच-दहा बायका येतील.

सहाशे बारा आल्या.

सगळ्यांनी तसा हात धरला होता. सगळ्यांना ते ऊन आठवत होतं. हाताला वास कसला, असं विचारलं की त्या सांगत. कांद्याचा. फिनेलचा. शेणाचा. सुक्या मासळीचा. सतरा जणी चिंचेचा म्हणाल्या. सगळ्यांची डीएनए तपासणी झाली. अबोलीशी एकीचीही जुळली नाही.

पण त्या बायकांनी आपापल्या मुलांबद्दल सांगितलेलं सगळं यंत्रात गेलं. मुलाच्या मानेवरचा डाग, त्याला झोपवताना म्हणायचं गाणं, दारातल्या झाडाला बांधलेली झोळी. जून संपेपर्यंत नऊ मुलं आपल्या आयांकडे पोचली. त्यातल्या तिघी जणी अबोलीला भेटायला आल्या आणि तिच्या पाया पडायला लागल्या. तिला काय करावं ते समजेना, म्हणून तिनं त्यांना पाणी दिलं.

ऑगस्टमध्ये तिला अठरा पूर्ण झाली. मुग्धानं तिला पुण्यात 'माग'च्या केंद्रात काम दिलं. फोन घ्यायचे, आयांचं ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं. ती चांगलं ऐकते, असं सगळे म्हणत.

फुलवंता मडावी गोंदियाहून आली ती दिवाळीच्या आधी, सकाळी दहाच्या सुमाराला. पन्नाशीची बाई. तिची लेक तेंदूपत्त्याच्या फळीवरून, म्हणजे पानं जमा करायच्या जागेवरून, हरवली होती, चौदा वर्षांपूर्वी. तिचं जुळत नाही हे तिला केव्हाच कळवलं होतं.

"बाई, तुमची तपासणी झालीय," अबोली हळूच म्हणाली. "मी तुमची नाही."

"मले मालूम आहे. डॉक्टरनं सांगतलं मले." तिनं पिशवी खाली ठेवली. "तू रेडिओवर बोलली ना, हाताचं? माह्या पोरीले मी तसंच न्यायचो. एकदा तुह्या डोयावर हात ठेवू का? एकदाच. मंग जातो मी."

शेजारच्या टेबलावरून मुग्धानं ते ऐकलं होतं. ती उठली, जवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अबोली, तुला माहीत आहे ना काय होईल ते? एकदा हा हात त्या आठवणीत गेला की काढता येणार नाही."

"माहीत आहे."

तिनं फुलवंताकडे पाहिलं. बाईचा उजवा हात अर्धवट वर आला होता आणि तिथंच थांबला होता. बोटांना तेंदूच्या पानांनी काळपट डाग पडले होते. चौदा वर्षं हा हात असाच कुठंतरी अर्ध्यावर थांबलेला असणार.

अबोली उठली. बाईचं मनगट धरून ती तिला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेली. तिथं पूर्वेचं ऊन थेट येत होतं. ती उन्हाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले.

"ठेवा," ती म्हणाली.